गरम गाडी का रुसते?

सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झालेली जुनी डिझेल गाडी घाटात चहाला थांबते. वीस मिनिटांनी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची वेळ येते, मुले कंटाळतात, पण इंजिन दाद देत नाही. तासाभराने मात्र आपोआप चालू! असा अनुभव आला, तर घाईने इंजिन उघडायला देऊ नका.

थंड गाडी अडत असेल, तर पहिला संशय हीटर प्लग आणि कॉम्प्रेशनवर. गरम गाडी अडली, तर आधी सेल्फ ऐका. तो जड फिरत असेल, तर बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंगची वायर तपासा. जोरात फिरत असेल, तर डिझेलच्या नळ्या व फिल्टरचे जोड पाहा. तेथून हवा शिरते.

तेही ठीक? मग पंप. जुन्या रोटरी पंपातील भाग झिजले, की तापून पातळ झालेले डिझेल फटीतून निसटते आणि सेल्फच्या संथ फेऱ्यांवर नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. इंजिन बंद ठेवून, ओले फडके पिळून पंपावर पाच-दहा मिनिटे ठेवा. तापलेल्या पंपावर पाणी ओतू नका. फडके काढल्यावर गाडी लगेच सुरू झाली, तर दोष बहुधा पंपातच.

हे निदान आहे, दुरुस्ती नव्हे. पंप जाणकाराकडून यंत्रावर तपासून घ्यावाच लागेल. पण हे काम खर्चाचे. म्हणून आधी फडके, मग पाकीट!