घरच्या कामासाठी वेल्डिंगचे मशीन घेताना

ऐन पेरणीच्या तोंडावर कुळवाची फास सुटते, नाहीतर गोठ्याच्या फाटकाची बिजागरी निखळते. जोडायला पाच मिनिटे पुरतात, पण त्यासाठी अर्धा दिवस मोडून तालुक्याच्या गावी जावे लागते. म्हणून बेळगाव-खानापूर भागातले पुष्कळ शेतकरी बंधू स्वतःचे लहान मशीन घ्यावे म्हणतात. वर्षाकाठी दोनच जोड मारायचे असतील तर ते घेऊ नये, दुकानच स्वस्त पडते. पण महिन्याला चार-दोन कामे निघत असतील आणि घरात कोणाला शिकायची हौस असेल, तर पुढील माहिती उपयोगी पडेल.

जुनी ट्रान्सफॉर्मरची मशीने आपण पाहिली आहेतच. ती उचलायला दोन माणसे लागत आणि बहुतेक मशीने दोन फेजवर चालत. घरच्या सिंगल फेजवर त्यांचा निभाव लागत नसे. आता इन्व्हर्टर जातीचे मशीन मिळते. ते आधी विजेचा प्रवाह एकदिश करते, मग सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करते. त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर अगदी लहान चालतो. पाच-सहा किलोंचे हे मशीन खांद्याला अडकवून गोठ्यापर्यंत नेता येते. घरासाठी हेच घ्यावे.

खरी फसगत खोक्यावरच्या आकड्यात होते. मीही पहिल्यांदा ‘२००’ हा आकडा पाहूनच मशीन आणले. मोठ्या हौसेने ४ मि.मी. जाडीचा रॉड लावला, आणि जोड लागण्याआधी घरातले दिवेच गेले. मशीन बिचारे ठीक होते, पण माझ्या घरची वायर त्याला पुरी पडणारी नव्हती.

थोडा हिशेब करू. २.५ मि.मी. रॉड जाळायला साधारण ८० अँपिअर लागतात आणि ठिणगीपाशी सुमारे २३ व्होल्ट. गुणाकार केला की साडेअठराशे वॉट होतात. मशीनमधली घट आणि त्याची वीज ओढण्याची तऱ्हा धरली, तर घरच्या २३० व्होल्टच्या लाइनमधून १४-१५ अँपिअर ओढले जातात. म्हणजे १६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर हे काम जेमतेम बसते. ३.१५ मि.मी. रॉडला ११० अँपिअर धरले, तर लाइनमधून २० च्या वर जातात. त्यासाठी मीटरपासून वेगळी जाड वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी हवा. पुरे २०० अँपिअर काढायचे म्हटले तर लाइनवर ४० च्या आसपास भार येईल. तेव्हा ज्या मशीनला १६ अँपिअरची पिन लावून दिली आहे, त्याच्या खोक्यावरच्या २०० ला काय अर्थ उरतो, हे वाचकांनी ताडावे.

म्हणून आधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहावा, वायरमनकडून वायर आणि अर्थिंग तपासून घ्यावे आणि मग दुकानात जावे. तेथे खोके बाजूला ठेवून मशीनच्या पाठीवरची पट्टी वाचावी. तिच्यावर ‘ड्यूटी सायकल’ दिलेली असते. १२० अँपिअरला ६० टक्के असे लिहिले असेल, तर दहा मिनिटांत सहा मिनिटे जोडकाम आणि चार मिनिटे विश्रांती, असा अर्थ होतो. तीही ४० अंश तापमानाला मोजलेली आहे ना, हे पाहावे. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पार खाली येते. कमीत कमी किती व्होल्टला मशीन चालते, हेही जरूर विचारावे.

फाटक, खिडकीची जाळी, ३ ते ५ मि.मी. जाडीचा अँगल यांना २.५ मि.मी. चा ६०१३ जातीचा रॉड पुष्कळ झाला. पाकिटावर आय.एस. ८१४ ची खूण असावी. पावसाळ्यात रॉड ओल धरतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. बिडाच्या पंपाला मात्र हा रॉड लावू नये, जोडाशेजारी तडा जातो. ट्रेलरचा हुकही घरी जोडू नये. त्याच्या मागे माणसे बसतात.

सगळे पैसे मशीनवरच घालू नयेत. दहा नंबरच्या काचेची ढाल, चामड्याचे हातमोजे आणि बूट यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. गॉगल किंवा एक्स-रेची फिल्म डोळ्यांना धरून काम करणारे अजून दिसतात. काम करताना काही जाणवत नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी थांबत नाही. कौतुकाने बघत उभ्या राहिलेल्या मुलांचेही तेच होते. अशा वेळी घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे. बधिर करणारे थेंब वरचेवर घालणे तर फारच वाईट.

जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पाइप जोडताना पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हा धूर बाधत नाही, ही समजूत खोटी आहे. जोडाच्या जागचा मुलामा आधी घासून काढावा, आणि काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा एका बाजूने येईल असे बसून करावे. ओल्या जमिनीवर किंवा घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी रॉड बदलू नये. डिझेलचा रिकामा पिंप कितीही धुतला तरी त्याला ठिणगी लावू नये, आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. घरात कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनजवळ जाऊ देऊ नये.

दुकानात जाताना घरचा गंजका अँगल बरोबर न्यावा. त्यावर आपल्या जाडीचे आठ-दहा रॉड लागोपाठ जाळून दाखवायला सांगावे. मशीन मधेच बंद पडते का, होल्डरची वायर हाताला चटके देण्याइतकी तापते का, हे स्वतः पाहावे. सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास कोठे मिळते, हे विचारून बिलावर हमीची मुदत लिहून घ्यावी. दुकानदार रॉड जाळून दाखवायला कांकू करू लागला, तर अँगल उचलून पुढच्या दुकानाची पायरी चढावी.