कुत्र्यापुढे टाकलेली कलेजी

हायडाटिड रोगाचा जंत जेमतेम तीन ते सात मिलिमीटर लांब. कुत्र्याच्या आतड्यात तो हजारांनी राहिला, तरी कुत्रा बहुधा ठणठणीत असतो. पण त्याच्या विष्ठेतलं अंडं मेंढीच्या किंवा माणसाच्या पोटात गेलं, की यकृतात नाहीतर फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ धरते आणि वर्षानुवर्षं, न दुखता वाढत राहते. कधी नारळाएवढी होते. हाच हायडाटिड. गाठीतल्या पाण्यात बारीक कण असतात आणि त्यातला एकेक कण म्हणजे एका नव्या जंताचं डोकं! शस्त्रक्रियेत गाठ फुटली तर पोटभर नव्या गाठी होऊ शकतात, त्या पाण्याची जीवघेणी अ‍ॅलर्जीही येते. म्हणून सर्जन ती फार जपून काढतात.

मटण खाऊन हा रोग होत नाही. न धुतलेल्या पालेभाजीवरून, कुत्र्याला कुरवाळलेल्या हातांवरून अंडी पोटात जातात. त्यामुळे शाकाहारी घरही सुटत नाही. जंताला मात्र पुन्हा कुत्रा गाठायचा, तर गाठ असलेला अवयव कुत्र्यानेच खायला हवा. सगळं चक्र या एका घासावर चालतं.

1863 साली हाराल्ड क्राबे हे डॅनिश डॉक्टर आइसलँडला गेले. तिथे घरोघर मेंढ्या आणि कुत्रे. त्यांनी तपासलेल्या शंभर कुत्र्यांपैकी 28 कुत्र्यांत हा जंत निघाला. क्राबेंनी लोकांच्याच भाषेत पुस्तिका लिहिली, 1864 मध्ये ती घरोघर वाटली गेली: गाठीचे अवयव कुत्र्याला देऊ नका, नष्ट करा. 1869 साली कुत्रे पाळण्यावर कायद्याने बंधनं आली. हाती धड औषध नसताना, काही पिढ्यांत तिथून हा रोग हटला. मला याचं नवल सरत नाही.

न्यूझीलंडमध्ये कुत्र्यांना अ‍ॅरेकोलीन देत. हे आपल्या सुपारीतलंच द्रव्य. जुलाब होऊन जंत बाहेर पडे, डोळ्यांना दिसे. पुढे प्राझिक्वांटेल आलं. जंताला अंडी घालायला साधारण सहा आठवडे लागतात. तेवढ्या अंतराने औषध दिलं, तर अंडं जमिनीवर पडतच नाही. 2002 साली तो देशही जवळपास रोगमुक्त ठरला.

आपल्याकडे जत्रेत किंवा घरामागे बोकड कापला, तर गाठी दिसणारी कलेजी, फुप्फुसं जाळा किंवा खोल पुरा. पाळलेल्या आणि मेंढरांमागच्या कुत्र्यांना जनावरांच्या डॉक्टरांना विचारून नेमाने जंताचं औषध द्या. आणि कुत्र्याशी खेळून आलेल्या पोराला हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देऊ नका.