एका अक्षराचा फरक

“आमचे आजोबा जन्मभर विड्या ओढायचे, त्यांना काही झालं नाही!” हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मग दुसऱ्या कुणाला पन्नाशीतच फुप्फुसाचा कर्करोग का गाठतो?

या कोड्याचा एक धागा २००८ साली सापडला. आइसलँड, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तीन संशोधक गटांनी हजारो लोकांचे डीएनए तपासले आणि तिघांचंही बोट पंधराव्या गुणसूत्रावर एकाच ठिकाणी पडलं. तिथे निकोटिन ज्यांना चिकटतं, त्या ग्राहींची जनुकं आहेत. त्यांतल्या एका जनुकात एकच अक्षर बदललं, की प्रथिनातल्या ३९८व्या जागी वेगळं अमिनो आम्ल बसतं आणि ग्राहीचं काम मंदावतं. मेंदूकडून येणारा ‘आता पुरे’ हा इशारा क्षीण होतो. उंदरांवरच्या प्रयोगांत ग्राहीचा घटक असलेलं हे प्रथिन काढून टाकल्यावर ते निकोटिनचे मोठे डोस घेतच राहिले. माणूसही मग झुरका खोल घेतो, सिगारेटी जास्त ओढतो आणि व्यसन सोडणं त्याला जड जातं.

धूम्रपान करणाऱ्यांत या बदलाची एक प्रत असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३० टक्के, दोन असतील तर सुमारे ८० टक्के वाढतो. पण धूम्रपानाने तो १५ ते ३० पट वाढतो! म्हणजे ‘चांगलं’ जनुक ही ढाल नव्हे. जनुकं बदलता येत नाहीत. हातातली विडी मात्र आजच विझवता येते, आणि त्याचा फायदा प्रत्येकाला होतो.