कर्करुग्णाची शुश्रूषा : परिचारक आणि वैद्य

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात वैद्य, औषध व रुग्ण यांच्या बरोबरीने परिचारकाला स्थान दिले आणि उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे चार गुण सांगितले. कर्करोगाच्या प्रगत अवस्थेत परिचारक म्हणजे बहुधा रुग्णाची पत्नी, सून वा मुलगा. त्यांच्या ठायी अनुराग असतोच. उपचारज्ञता मात्र वैद्याने शिकवावी लागते.

केमोथेरपी चालू असता रक्तातील श्वेतपेशी घटतात. अशा वेळी ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप आल्यास लंघन किंवा काढा यांत वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. या काळात कोणतेही औषध कर्करोगतज्ज्ञास कळवूनच द्यावे. हाडांत पसरलेला रोग, एका पायाची अचानक सूज किंवा घटलेल्या रक्तबिंबिका असल्यास अभ्यंग, मर्दन टाळावे.

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस सामान्यतः दर २ तासांनी बदलावी. माकडहाड, खुबे व टाचा रोज पाहाव्यात. तेथील लाली ही शय्याव्रणाची पहिली खूण असते. लाल झालेली जागा चोळू नये. मुखपाकात मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने खळखळून चुळा हितकर होत.

वेदनेबाबत संकोच नसावा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषधयोजना सांगितली. तीव्र वेदनेत मॉर्फीन तज्ज्ञाच्या सल्ल्याने, ठरलेल्या वेळी द्यावयाचे असते. वेदना असह्य होण्याची वाट पाहावयाची नसते. वेदनाशमनार्थ योग्य मात्रेत दिल्यास व्यसन लागण्याची भीती अल्प असते. मलावष्टंभ मात्र बहुधा होतोच, म्हणून सारक औषध प्रथमपासूनच योजावे. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीन मिळण्याचा मार्ग सुकर करण्यात आला.

अखेरच्या दिवसांत अन्नेच्छा मावळते. ‘खात नाही म्हणून जात आहे’ असे घरच्यांना वाटते. वस्तुतः देह मिटत चालल्याने अन्न नकोसे होते, हे त्यांना समजावून सांगावे. बळेच भरविलेला घास श्वासमार्गात जाऊ शकतो. गिळणे थांबल्यावर गंगाजलानेही केवळ ओठ ओलवावेत. घशात घरघर वाजू लागल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे. त्याला ऐकू येत असेल असे मानूनच त्याच्याजवळ बोलावे.

वैद्यवृत्तीत मैत्री, कारुण्य व प्रीती यांच्यानंतर उपेक्षा सांगितली आहे. ती मरणासन्न रुग्णाविषयी आहे, असे टीकाकार म्हणतात. रोग हटविण्याचा निष्फळ आग्रह सोडणे, एवढाच तिचा अर्थ घ्यावा. रुग्णाला सोडणे हा तिचा अर्थ नव्हे. रुग्णालयाने घरी पाठविल्यावर कुटुंब आपल्याकडेच येते. त्या वेळी बरे करण्याचे खोटे आश्वासन देऊ नये आणि पाठही फिरवू नये. औषधाची चिठ्ठी लिहावयाची नसली तरी ठरलेल्या दिवशी त्या घरी जावे, रुग्णाची पाठ पाहावी आणि परिचारकाला झोप मिळते का, हेही विचारावे.