उकळते पाणी, उकळते पेट्रोल आणि एक जुनी गाडी

पाणी किती अंशांना उकळते? सातवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर निम्मा वर्ग एका सुरात ‘शंभर!’ असे ओरडतो, आणि आपणही समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळतो. या उत्तरातून एक अट नेहमी गळून पडते. ती विसरल्यामुळे २०१८ च्या जून महिन्यात आमच्यापैकी एकीचा चेहरा भाजता भाजता वाचला. विशेष म्हणजे, त्या ‘एकी’ने म्हणजे प्रस्तुत लेखिकेने विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली आहे! म्हणूनच ही हकीकत शिक्षकमित्रांना सांगावीशी वाटते.

गाडी आणि रस्ता

आमचा धाकटा भाऊ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बाल्टिमोरजवळ राहत असे. त्याची बदली पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजलिसला झाली. त्याच्याकडे १९७२ साली बनलेली दोन आसनांची, उघड्या टपाची एक ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती. ती ट्रकवर घालून पाठवणे सोपे होते, पण त्याला ती चालवतच न्यायची होती. “ताई, तू चल बरोबर. नकाशा बघायला कुणीतरी हवंच,” असे त्याने म्हटले आणि आम्ही दोघे निघालो. अंतर सुमारे ४,३०० किलोमीटर आणि हाताशी नऊ दिवस.

बाल्टिमोरजवळ ७० क्रमांकाचा महामार्ग सुरू होतो. तिथेच एक गमतीदार पाटी आहे. पुढच्या गावांची अंतरे दाखवताना तिच्यावर शेवटी लिहिले आहे – कोव्ह फोर्ट २,२०० मैल! कोव्ह फोर्ट हे यूटा राज्यातले एक चिमुकले ठिकाण. हा महामार्ग तिथे संपतो.

आजच्या गाडीत या प्रवासाचे काही विशेष वाटले नसते. बॉनेटखालचा छोटा संगणक हवेचा दाब, तापमान, धुरातला प्राणवायू हे सारे सतत मोजतो आणि लागेल तेवढेच पेट्रोल इंजिनात सोडतो. आमच्या गाडीत यातले काहीच नव्हते. होता तो कार्ब्युरेटर, इंजिनावरच चालणारा पेट्रोलचा पंप, पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि पाण्याच्या तापमानाचा एक काटा. बाहेरचे हवामान बदलले की गाडीचा स्वभावही बदलायचा. म्हणजे ही गाडी एक फिरती प्रयोगशाळाच होती म्हणा ना!

सपाट दिसणारा चढ

पहिला धडा कॅन्सस राज्यात मिळाला. हे राज्य पोळपाटासारखे सपाट आहे असे तिथे गमतीने म्हणतात. दोन्ही बाजूंना गव्हाची शेते आणि रस्ता सरळ. प्रत्यक्षात पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेच्या टोकापर्यंतच्या सुमारे ६८० किलोमीटरांत हा रस्ता जवळजवळ ९०० मीटर चढतो. एका किलोमीटरला साधारण सव्वा मीटर चढ, डोळ्यांना कळणे शक्यच नाही. पुढे कोलोरॅडोतले डेन्व्हर शहर लागते, त्याची उंची १,६०९ मीटर. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतले की जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर वसलेले महानगर डोळ्यांसमोर येईल.

डेन्व्हरनंतर खरा घाट सुरू होतो. सुमारे शंभर किलोमीटरांत रस्ता आणखी १,८०० मीटर चढून आयझेनहॉवर बोगद्यापाशी पोचतो. हा बोगदा १९७३ साली खुला झाला. त्याची उंची आहे सुमारे ३,४०० मीटर.

त्या चढावर गाडीची दमछाक झाली. मागून काळसर धूर येऊ लागला. वेग ताशी पन्नास किलोमीटरवर आला. का बरे? या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश भरते. इंजिनाचा सिलिंडर प्रत्येक फेरीत तेवढेच लिटर हवा ओढतो, पण त्या लिटरांत प्राणवायूचे रेणू एक तृतीयांशाने कमी. साहजिकच इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. कार्ब्युरेटरची अडचण तर आणखी वेगळी. वाहत्या हवेच्या ओढीने तो पेट्रोल सोडतो. हवा विरळ झाली म्हणून पेट्रोल काही त्याच प्रमाणात कमी होत नाही. मग मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते, काही पेट्रोल अर्धवट जळते आणि काळा धूर येतो. भावाने गाडी थांबवून कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवला, पेट्रोल कमी केले. धूर थांबला. गेलेली शक्ती मात्र स्क्रूने परत येणार नव्हती.

झाकणावरचा हात

खरी परीक्षा यूटामध्ये झाली. ग्रीन रिव्हर या गावानंतर महामार्गावर सुमारे १७० किलोमीटर पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, वस्ती नाही. तशी सूचना देणारी पाटीच तिथे आहे. रस्ता साधारण १,२५० मीटर उंचीवरून तांबड्या खडकांच्या उभ्या भिंतींमधून २,००० मीटरच्या वर चढत जातो. दुपारचे दोन वाजले होते. हवेचे तापमान ३८ अंश. सुमारे २,००० मीटर उंचीवर इंजिनाने दोनतीन आचके दिले आणि गाडी बंद पडली. पाण्याचा काटा लाल पट्टीच्या अगदी जवळ होता.

पाणी आटले असणार, असे ठरवून आम्ही बॉनेट उघडले. मघापर्यंत लाल पट्टीच्या खाली असलेला काटा बघता बघता आणखी वर गेला. इंजिन बंद झाल्यावर तापमान वाढावे, हे विचित्र वाटते ना? पण या गाडीत पंखा आणि पाणी खेळवणारा पंप दोन्ही इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतात. इंजिन थांबले की तेही थांबतात. तापलेले लोखंड मात्र आजूबाजूच्या पाण्याला उष्णता देतच राहते.

हातावर टॉवेल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे हात गेला. तेवढ्यात मागे थांबलेल्या एका ट्रकचा ड्रायव्हर ओरडत धावत आला आणि त्याने तो हात अक्षरशः ओढून बाजूला केला.

त्याने काय वाचवले, याचा हिशेब आम्ही नंतर वहीत मांडला. तो वर्गातही मांडता येईल.

रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरच्या शिट्टीची बहीण. कुकरवर वजन असते, इथे स्प्रिंग असते. आमचे झाकण आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा सुमारे ०.९ वातावरण जास्त झाल्याखेरीज वाफ सोडत नसे. म्हणून समुद्रसपाटीवर या बंद पाण्याला उकळायला सुमारे ११९ अंश लागतात. शीतक म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळलेले असले तर आणखी काही अंश जास्त. हिशेबाच्या सोयीसाठी आपण साधे पाणीच धरू. समजा, आत ६ लिटर पाणी ११० अंशांवर आहे. दाबामुळे ते शांत आहे, उकळत नाही.

आता झाकण काढले. २,००० मीटर उंचीवर मोकळे पाणी सुमारे ९३ अंशांना उकळते. म्हणजे आतले पाणी एका क्षणात उत्कलनबिंदूच्या १७ अंश वर ठरले! ही जास्तीची उष्णता जाणार कुठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक किलो पाणी १७ अंश थंड होताना सुमारे ७१ किलोज्यूल उष्णता देते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२७० किलोज्यूल लागतात. भागाकार केला तर तीन टक्क्यांच्या आसपास उत्तर येते. म्हणजे ६ लिटरांपैकी जेमतेम १९० ग्रॅम पाण्याची वाफ होणार. एवढीशीच! पण तेवढ्या दाबाला त्या वाफेचे आकारमान होते सुमारे ४०० लिटर. मोठी दोन पिंपे भरतील एवढी वाफ लहानशा तोंडातून क्षणार्धात बाहेर पडते आणि उरलेले उकळते पाणी आपल्याबरोबर उडवते. टॉवेल इथे काय कामाचा? आणि झाकणावर तर चेहरा वाकलेला असतो.

घरी कुकरची वाफ जिरल्याशिवाय आपण झाकण उघडत नाही. तेच ज्ञान रेडिएटरपाशी आठवले नाही, कारण ‘पाणी शंभर अंशांना उकळते’ हे वाक्य डोक्यात अटीशिवाय बसलेले होते. काटा कितीही वर असो, पाणी उसळत नाही म्हणजे धोका नाही, असे वाटले. पाणी शांत होते ते दाबामुळे, थंड असल्यामुळे नव्हे.

मग गाडी बंद का पडली?

पाऊण तासाने झाकण सावकाश उघडले. पाणी जवळजवळ पुरेसे होते! म्हणजे आमचे निदानच चुकले होते. किल्ली फिरवली तर गाडी लगेच सुरू झाली.

आता दोन शक्यता उरल्या. एक, ठिणगी देणारी इग्निशन कॉइल तापल्यावर काम करीनाशी झाली असेल. दोन, पेट्रोल पोचत नसेल. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक फार लवकर उकळतात. उदाहरणार्थ, पेंटेन समुद्रसपाटीवर ३६ अंशांना, तर २,००० मीटरवर सुमारे २९ अंशांनाच उकळते. शिवाय आमच्या गाडीत टाकी मागे आणि पंप पुढे, तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. तो पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब बाहेरच्यापेक्षाही कमी होतो आणि उत्कलनबिंदू आणखी खाली येतो. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पंप त्यांनाच दाबत आणि ओढत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही.

नुसते ‘थंड झाल्यावर सुरू झाली’ यावरून दोन्ही शक्यतांमधली खरी कोणती ते ठरत नाही, कारण थांबल्यावर कॉइलही थंड होते आणि पंपही. वीसेक किलोमीटरवर गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी फक्त पंपावर आणि नळीवर पाणी ओतले, कॉइलला हात लावला नाही. दहा मिनिटांत गाडी सुरू! तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा वाईट वाटण्याऐवजी चक्क बरे वाटले. या वेळी दहा मिनिटे काहीच न करता थांबलो. सुरू झाली नाही. मग पंप भिजवला आणि थोड्याच वेळात ती सुरू झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम वर्गात आपण किती सहज सांगतो! ओसाड रस्त्यावर, घामाघूम झालेले असताना तो पाळणे किती कठीण आणि किती मोलाचे असते, हे त्या दुपारी उमगले.

मग पंपाला ओले फडके घट्ट बांधले, पट्ट्यापासून दूर. कोरड्या हवेत फडक्यातले पाणी भराभर उडत होते आणि पंप थंड राहत होता. आपल्या माठाचेच हे तत्त्व. दर अर्ध्या तासाला फडके भिजवत आम्ही कोव्ह फोर्ट गाठले, गाडी पुन्हा बंद पडली नाही. पुढचे वाळवंट रात्री ओलांडले आणि नवव्या दिवशी समुद्र दिसला. वाटेत स्क्रू मात्र पुन्हा उलटा फिरवावा लागला!

आजच्या गाड्यांत पंप टाकीतच बसवलेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. नळीत सुमारे तीन वातावरणांचा जास्तीचा दाब असतो, त्यामुळे पेट्रोल सहसा उकळत नाही. अडचण सुटली, आणि तिच्याबरोबर ती दिसणेही बंद झाले.

वर्गात करून पाहा

सुई नसलेली २० मिलिलिटरची प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. पाणी आधी उकळून त्यात विरघळलेली हवा घालवून टाका. ते ६०-६५ अंशांपर्यंत निवू द्या. त्यातले ५ मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढा, आत राहिलेली हवा बाहेर काढा आणि टोक रबरी टोपणाने बंद करा. आता दट्ट्या जोराने मागे ओढा. साधारण अडीच किलो वजन उचलण्याइतका जोर लागेल. पाणी खळखळून उकळताना दिसेल. दट्ट्या सोडला की उकळणे थांबेल. हीच आमच्या पेट्रोलच्या नळीची गोष्ट. गरम पाणी शिक्षकांनी स्वतःच हाताळावे.

नंतर मुलांना विचारा: उंची दर ३०० मीटर वाढली की उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, तर पुण्यात पाणी किती अंशांना उकळेल? महाबळेश्वरला? कळसूबाईच्या माथ्यावर भात शिजायला वेळ का लागेल? घाटात एसटी तापली, तर ड्रायव्हरकाका लगेच झाकण का उघडत नाहीत?

आणि पुढच्या वेळी कोणी ‘शंभर!’ असे ओरडले, तर त्याला बरोबर म्हणण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा – “कुठे?”