ऑर्डर मोठी आहे, पण समोरच्या कंपनीच्या गल्ल्यात किती आहे?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण रोख-कर्ज गुणोत्तर फळ्यावर मांडलं. सूत्र एका ओळीचं आहे: कंपनीकडची रोख भागिले कंपनीवरचं एकूण कर्ज. उत्तर १ आलं तर आज सगळं कर्ज फेडता येईल एवढी रोख आहे. ०.२ आलं तर रुपयामागे वीस पैसे. पाचवीतल्या मुलालाही जमेल असा भागाकार. मग वेगळा लेख कशाला? कारण अवघड आहे ते या भागाकारात घालायचे आकडे शोधणं, आणि ते व्हिडिओत राहून गेलं.

आधी हे सांगतो की हा विषय निघाला कुठून. आपल्या बॅचमधल्या एकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वर्षाची उलाढाल १ कोटी ८० लाख. त्याला पवनचक्क्यांची कामं घेणाऱ्या एका कंपनीकडून ४२ लाखांची ऑर्डर आली. टॉवरच्या आतल्या शिड्या आणि केबलचे ब्रॅकेट बनवून द्यायचे. पेमेंट ९० दिवसांनी. त्याला पोलाद रोखीने घ्यावं लागणार होतं, त्यातच २८ लाख जाणार, आणि बँकेची सीसी लिमिट २० लाखांची. मला फोन करून म्हणाला, "सर, कंपनी मोठी आहे, शेअर बाजारात आहे, घेऊन टाकू ना?"

कंपनी मोठी आहे हे उत्तर नाही. मोठी म्हणजे किती मोठी, आणि पैसे कुणाचे, हे बघायला लागतं. त्यासाठी आपल्या घराजवळचंच एक उदाहरण घेऊ.

सुझलॉनची गोष्ट

पुण्यात हडपसरला सुझलॉनचं मुख्यालय आहे. तुलसी तांती यांच्या घरचा सुरतेत कापडाचा धंदा होता. विजेचं बिल परवडेना आणि वीज भरवशाची नाही, म्हणून त्यांनी स्वतःसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. त्यातून १९९५ मध्ये सुझलॉन सुरू झाली. २००५ मध्ये शेअर बाजारात आली. मग वेग वाढला. २००६ मध्ये गिअरबॉक्स बनवणारी बेल्जियमची हॅन्सन घेतली, २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेव्हाशी बोलीत टक्कर देऊन जर्मनीची रिपॉवर. यासाठी कर्ज काढलं. शिवाय २००७ मध्ये परकीय चलनातले परिवर्तनीय रोखे विकले.

हे रोखे म्हणजे काय तर डॉलरमधलं कर्ज, पण शेअरचा भाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला तर घेणारा पैसे परत न मागता शेअर घेतो. तेजीत सगळ्यांना वाटतं, हे फेडावं लागणारच नाही. २००८ च्या सुरुवातीला सुझलॉनचा शेअर (विभाजनाचा हिशेब धरून) चारशेच्या वर होता.

मग एकामागून एक घडत गेलं. अमेरिकेत पात्यांना तडे गेले, १,२५१ पाती दुरुस्त करून द्यावी लागली. त्यातच जागतिक मंदी आली. रोखे काढले तेव्हा डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता, २०१२ च्या ऑक्टोबरात त्रेपन्नच्या आसपास. शेअर विशीच्या आत. शेअरमध्ये रूपांतर कोण करेल? रोखेधारकांनी पैसे मागितले. कंपनीने चार महिन्यांची मुदत मागितली, ती मिळाली नाही. सुमारे २०.९ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ११०० कोटी रुपये, देता आले नाहीत. त्या प्रकारच्या रोख्यांमध्ये भारतातली तोवरची सगळ्यात मोठी थकबाकी.

आता आपल्या कामाचा मुद्दा. त्या वेळी कंपनीकडे काम नव्हतं असं अजिबात नाही, हजारो कोटींच्या ऑर्डरी होत्या. आणि समूहात रोख नव्हती असंही नाही. जर्मनीतल्या रिपॉवरकडे पैसा होता. पण तो पुण्याला आणता येत नव्हता! आधी तिथले छोटे भागधारक होते, त्यांचा वाटा विकत घेऊन पूर्ण मालकी यायला २०११ उजाडलं. त्यानंतरही रिपॉवरला पैसे देणाऱ्या तिथल्या बँकांच्या अटी होत्या. एकत्रित बॅलन्स शीटमध्ये ती रोख दिसायची, गुणोत्तरात मोजली जायची, पण देणं भागवायला हात घातला तर पेटीला कुलूप.

सासऱ्याच्या खात्यातले पैसे आपल्या दुकानाच्या हिशेबात धरावेत, तसंच हे.

पुढचं थोडक्यात. २०१३ मध्ये बँकांनी सुमारे ९,५०० कोटींच्या कर्जाची पुनर्रचना केली. २०१५ मध्ये रिपॉवर (तोवर नाव सेन्व्हियन झालं होतं) सुमारे शंभर कोटी युरोला विकावी लागली. तरी २०१९ मध्ये रोख्यांचे १७.२ कोटी डॉलर पुन्हा थकले. शेवटी २०२२ च्या ऑक्टोबरात ५ रुपये भावाने १,२०० कोटींचा हक्कभाग विक्रीला आणला. तो उघडण्याच्या काही दिवस आधीच तांती गेले. २०२३ मध्ये मोठ्या संस्थांकडून आणखी २,००० कोटी उभे केले. त्यानंतर कंपनीकडची रोख कर्जापेक्षा जास्त झाली, म्हणजे गुणोत्तर १ च्या पुढे गेलं. किंमत जुन्या भागधारकांनी मोजली: आज शेअरची संख्या १,३०० कोटींच्या वर आहे. (हा शेअर घ्या किंवा विका असा सल्ला नाही. आपण इथे पुरवठादार म्हणून बसलोय.)

ऊर्जेतली प्रत्येक कंपनी एका तराजूत घालू नका

एनटीपीसीचं गुणोत्तर काढलंत तर फार कमी येईल. म्हणून ती कमकुवत? नाही. वीजप्रकल्प साधारण ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल या प्रमाणातच उभे राहतात, वीजदर ठरवणारा केंद्रीय आयोगही हेच प्रमाण धरतो. वीज विकायचे करार वर्षानुवर्षांचे असतात, दर महिन्याला बिल जातं, त्यातून हप्ता निघतो. उलट कोल इंडियाकडे रोख भरपूर आणि कर्ज थोडं. दोन्ही ऊर्जा कंपन्या, पण धंद्याची जात वेगळी.

पवनचक्की किंवा सौर यंत्रणा बनवणारी कंपनी तिसऱ्या जातीची. तिचं उत्पन्न ऑर्डरवर, ऑर्डर सरकारी धोरणावर. तिला रोखीची गादी लागतेच. तुम्ही माल देणार ते बहुतेक याच जातीला, म्हणून इथे गुणोत्तर कडक लावा. आणि करार आहे म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. दाभोळला करार होता की! २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली आणि प्रकल्प बंद पडला.

आपण त्या ४२ लाखांच्या ऑर्डरचं काय केलं

त्या कंपनीचा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या वेबसाइटवरून उतरवला. फुकट मिळतो. एकत्रित बॅलन्स शीटमध्ये रोख आणि बँकेतल्या ठेवी मिळून ३१० कोटी, लांब आणि जवळच्या मुदतीचं कर्ज मिळून ६२० कोटी. गुणोत्तर ०.५. आमचा गडी खूश.

मग मागच्या टिपांमध्ये गेलो. खरा मजकूर तिथेच असतो, बारीक टायपात. ३१० पैकी १४० कोटींच्या ठेवी बँक गॅरंटीसाठी तारण. आणखी ९० कोटी एका उपकंपनीत, तिथल्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या ताब्यातल्या खात्यात. खरी मोकळी रोख उरली ८० कोटी. ८० भागिले ६२०, म्हणजे ०.१३. अर्धा रुपया म्हणत होतो तो तेरा पैशांवर आला. त्यातही ग्राहकांनी दिलेल्या आगाऊ रकमा मिसळलेल्या होत्या. तो पैसा मशीनच्या रूपात परत द्यायचा असतो, पण बॅलन्स शीटमध्ये त्याला कोणी कर्ज म्हणत नाही.

दुसरा प्रश्न, कर्ज कधीचं आहे? ६२० पैकी २७० कोटी वर्षाच्या आत फेडायचे होते. हल्ली लांब मुदतीच्या कर्जाचे या वर्षी येणारे हप्तेही अल्प मुदतीच्या कर्जातच दाखवतात, त्यामुळे हे शोधणं सोपं झालंय. ८० विरुद्ध २७०. सुझलॉनला नेमकं हेच नडलं होतं.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. वर्षाचा वित्तखर्च बघा. इथे ९६ कोटी होता. ६२० कोटींवर ९६ कोटी म्हणजे साडेपंधरा टक्के! बँक जर साडेदहाने देत असेल तर वर्षभर सरासरी नऊशे कोटींचं कर्ज असावं, आणि ३१ मार्चला ते तात्पुरतं खाली आणलं असावं. नक्की असंच असेल असं नाही, कारण वित्तखर्चात गॅरंटीचं कमिशन वगैरेही येतं. पण फरक एवढा असला की सप्टेंबरअखेरची बॅलन्स शीट उघडायचीच. सहामाही निकालांसोबत ती द्यावीच लागते.

आणि चौथी ओळ थेट आपल्या पोटाची. 'सूक्ष्म व लघु उद्योगांना देणं' हा आकडा वेगळा छापावा लागतो, किती जुनं देणं आहे त्याच्या तक्त्यासह. बहुतेक रक्कम वर्षाच्या आतली होती. दोन वर्षांवरचं थोडंसंच. म्हणजे कंपनी रेटून रेटून देते, पण देते. माझ्या मते पुरवठादाराने हा तक्ता गुणोत्तराच्याही आधी बघावा.

आता कोणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण कंपनी दिवाळखोरीत गेली की माल पुरवणारा रांगेत तारणधारक बँकांच्या मागे उभा असतो. आणि स्वतः दिवाळखोरीचा अर्ज करायचा तर थकबाकी किमान १ कोटीची हवी. आमच्या गड्याचे ४२ लाख त्यात बसतच नव्हते.

मग ऑर्डर सोडली? नाही. तीन लॉट पाडले, चौदा-चौदा लाखांचे. पहिल्याचे पैसे आल्याशिवाय तिसऱ्याचं पोलाद कापायचं नाही. आगाऊ ३० टक्के मागितले, २० वर तुटलं. आणि बिल ट्रेड्सवर टाकायचं ठरलं. हा रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारा बिल वटवण्याचा ऑनलाइन बाजार आहे. कंपनीने तिथे बिल मंजूर केलं की बँक किंवा वित्तसंस्था व्याज कापून तुम्हाला लगेच पैसे देते, आणि नंतर कंपनीने बुडवलं तरी तुमच्याकडे मागत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी असली तरी तुमचं बिल मंजूर करायला त्यांच्या अकाउंट्सवाल्यांच्या मागे लागावं लागतंच, तयारी ठेवा.

व्याज कापून जाणार म्हणून आमचा गडी कुरकुरला. मी म्हटलं, ते रेटमध्ये धर. त्याने शिडीमागे किलोला अडीच रुपये वाढवून मागितले, दीड मिळाले.

पहिल्या लॉटचे पैसे अकराव्या दिवशी आले. दुसरा लॉट सध्या गॅल्व्हनायझिंगला गेलाय.