नवे गाव, नवा धंदा

गाव सोडून शहरात जाणाऱ्याला दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात: नवे काम आणि नवी वस्ती. दोहोंचा भार एकट्यावर पडला की मन खचते. आपल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतकऱ्याने तो कसा पेलला, पाहा.

मुंबईत १८५६ साली पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढे नांगर धरणारे हात मागावर आले. नवखा माणूस आधी ‘बदली’ असे. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर आल्या पावली परत. पण परतायला गाववाल्यांची खोली होती. दिवसपाळीचे रात्री निजत, रातपाळीचे दिवसा. खानावळीचा हिशेब महिन्याने होई. म्हणून खाडा पडला तरी ताट चुकत नसे. त्या माणसाचा धीर टिकला तो या सोयीमुळे.

खानावळी चालवणाऱ्या बायांनाही असाच आधार लागला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळू लागले.

१९८२ च्या संपानंतर हजारोंची गिरणी कायमची सुटली आणि पिकल्या केसांनी पुन्हा नवा धंदा धरावा लागला. आता त्या बहुतेक गिरण्याही उरल्या नाहीत.

तेव्हा गुरुजी, तुमचा विद्यार्थी उद्या शहराकडे निघाला, तर त्याला ‘हिंमत धर’ एवढेच सांगू नका. ओळखीचे एक दार, दोन महिन्यांची खर्ची आणि काम शिकवील असा एक जाणता माणूस, एवढे आधी जुळवून द्या. हिंमत मग मागून येते.